भंगाराला कवटाळून कोण बसलंय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत आमच्या ट्रकवाल्यांवर जो लेख आलाय तो काल दोनदा वाचला, एकदा चहाच्या आधी आणि एकदा चहा झाल्यावर, आणि दुसऱ्यांदा जास्त राग आला. आधी फोटोचं बोलतो. काळाकुट्ट धूर सोडणारा ट्रक छापलाय आणि त्यात ड्रायव्हर डाव्या बाजूला बसलाय. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं असतं साहेब. कुठल्या देशातला धूर आहे देव जाणे, पावती मात्र आमच्या नावानं फाडलीय.

लेखकांचं म्हणणं काय, तर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, एसी केबिन कंपल्सरी झाली, बीएस-६ गाड्या (बीएस म्हणजे धुराच्या सरकारी नियमाची पायरी, आकडा जेवढा मोठा तेवढा धूर कमी) एवढ्या स्वच्छ आहेत, तरी हे लोक 'जुन्या भंगाराला कवटाळून बसलेत'. कवटाळून! माझ्या दोन गाड्या आहेत, दोन्ही दहा टायर, पिंपळगाव बसवंतवरून दिल्लीला टोमॅटो, कांदा, द्राक्षं ओढायच्या. त्यातल्या एकीची डावी काच सुतळीनं बांधलेली आहे. तिला कवटाळायची हौस मला तरी नाही, लेखकांना असेल तर कधीही या.

ही सुतळीवाली मी कधी घेतली ते सांगतो, कारण सगळं दुखणं तिथंच आहे. मार्च २०१७. तारीख २९, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की १ एप्रिलपासून बीएस-३ गाडी विकायची नाही. माझं लोन सँक्शन होऊन पडलेलं, बीएस-४ घ्यायचं जवळजवळ ठरलेलं. संध्याकाळी डीलरकडच्या माणसाचा फोन, तात्या बीएस-३ च घ्या, दोन लाख कमी करतो, लोखंड तेच, टायर तेच, फक्त कागदावरचा आकडा वेगळा. मी विचारलं पुढं काही लफडं? तर म्हणला ३१ तारखेच्या आत बिल झालं की पंधरा वर्षं तुमच्या गाडीला कुणी हात लावत नाही. (नाव लिहीत नाही, अजून पार्ट तिथूनच आणावे लागतात.) ३१ तारखेला रात्री त्या शोरूममध्ये लग्नाच्या मांडवासारखी गर्दी होती, पाणी संपलेलं, खुर्च्या संपलेल्या, आणि माझं बिल प्रिंटरमधून बाहेर आलं तेव्हा अकरा चाळीस झाले होते. शाई पण संपत आलेली. चेसिस नंबरातला शेवटचा आकडा ३ आहे का ८ तेच कळंना, मग त्यानं तो बॉलपेननं गिरवला, आणि त्या गिरवलेल्या आकड्यापायी पुढं आरटीओत मला चार चकरा पडल्या. तरी खूश होतो. दोन लाख वाचले म्हणून घरी पेढे आणले होते, आता आठवलं की हसू येतं, बायकोला तर जास्तच येतं.

पंधरा वर्षं म्हणजे २०३२ पर्यंत ना? १ नोव्हेंबर २०२५ पासून बाहेरच्या राज्यातली बीएस-३ मालगाडी दिल्लीत बंद. म्हणजे आठ वर्षं सात महिने. आणि आमचा माल उतरतो ती आझादपूर मंडी दिल्लीच्या आत आहे, बाहेर नाही. आता त्या गाडीत दिल्लीचा माल भरायचा तर दिल्लीच्या अलीकडं पलवलला उतरवून छोट्या गाडीत पलटी करा, हमाली दोनदा, टोमॅटोला मार दोनदा, आणि व्यापारी म्हणतो मग मी बीएस-६ वाल्यालाच भाडं देतो ना, तुमच्याकडं कशाला येऊ. त्याचं पण चूक नाही. ती गाडी आता इंदूर नागपूर करते, दिल्लीच्या निम्म्या कमाईवर. दुसरी २०१८ ची आहे, बीएस-४, तिला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सूट. म्हणजे ऐन टोमॅटोच्या हंगामात तिची पण दिल्ली बंद. जुनी विकावी म्हणलं तर एजंट नियम यायच्या आधी नऊ लाख सांगत होता तो आता साडेसहावर आलाय आणि वर म्हणतो लवकर सांगा, पुढच्या महिन्यात मी पण एवढे देणार नाही. भंगारात दिली तर सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीच्या टॅक्सात १५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते, सगळं माहितीये. पण चालती गाडी किलोवर विकायची म्हणजे हात धजावत नाही.

तर आता नवी घ्यायची का नाही हा प्रश्न मला लेखकांपेक्षा जरा जास्त पडलाय.

जीएसटी कमी झाला हे चांगलंच झालं, ते नाकारत नाही. उलट आम्हाला त्याचा खरा फायदा, कारण शेतमालाच्या भाड्यावर जीएसटीच नाही, त्यामुळं गाडी घेताना भरलेला टॅक्स आम्हाला क्रेडिटमध्ये परत मिळत नाही, सगळा अंगावर. पण तरी चेसिस, बॉडी, इन्शुरन्स, पासिंग धरून कोटेशन चाळीस लाखाचं आहे. चौतीस लाखाचं लोन, साडेदहा टक्के, पाच वर्षं, हप्ता त्र्याहत्तर हजार. दर महिन्याला. टोमॅटोला भाव असो नसो, निर्यातबंदी येवो न येवो, घाटात गाडी अडकलेली असो.

घाटावरून आठवलं. माझ्या पुतण्यानं घेतली बीएस-६, मागच्या वर्षी. मी म्हणलं चला आधी याची कशी चालते ते बघू मग आपण घेऊ. ॲव्हरेज खरंच चांगलं, पिकअप चांगला, आवाज कमी. ऑक्टोबरात साडेआठशे जाळ्या टोमॅटो भरून निघाली. शिरपूरला ड्रायव्हर चहाला थांबला, चहा पिऊन गाडी चालू केली तर वीसच्या पुढं पळंना. वीस! मागून सायकलवाला हॉर्न द्यायचा बाकी होता. पुढं बिजासन घाट. ड्रायव्हरचा फोन आला, शेठ गाडी रुसली. झालं होतं काय, तर या गाड्यांना डिझेलबरोबर डेफ लागतं, आम्ही त्याला युरियाच म्हणतो, सायलेन्सरमध्ये त्याचा फवारा बसतो आणि विषारी गॅस मरतो. ते साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असायला लागतं. ड्रायव्हरनं रस्त्यातल्या कुठल्यातरी टपरीवरून स्वस्तातली बादली घेतली, ती बहुतेक शेतातल्या युरियाची. निंबोळीचं तेल लावलेल्या. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशाला असते, खरीपात शेतकऱ्यानं मागितली की दुकानदार संपली म्हणतो, आणि तीच विरघळवून इकडं बादलीतून विकली जाते. मीटरवर दोन दिवस दिवा लागला होता म्हणे. मग दिसला कसा नाही? तर ड्रायव्हरनं नेमकं तिथंच खंडोबाचं स्टिकर चिकटवलेलं. आता त्याला काय बोलणार.

शिरपूरच्या मिस्त्रीनं केबिन उचलली, आत डोकावला, केबिन परत खाली केली आणि म्हणला याला लॅपटॉप लागतो, मी हात लावत नाही. हा माणूस आमची २०१७ ची गाडी डोळे मिटून खोलतो. लॅपटॉप धुळ्याहून दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पाइपात पांढरे खडे जमलेले, टाकी धुतली, सेन्सर बदलला, नुसत्या सेन्सरचे सत्तावीस हजार. तोवर टोमॅटोचं पाणी फाळक्यातून रस्त्यावर ठिबकत होतं. गाडी दिल्लीत दीड दिवस उशिरा पोचली आणि व्यापाऱ्यानं भाड्यातले बावीस हजार कापले. पुतण्या म्हणतो काका गाडीत काही खोट नाही, बादलीत होती. बरोबर आहे. पण रस्त्यावर चांगली बादली कुठली आणि वाईट कुठली हे ड्रायव्हरनं रात्री दोन वाजता जिभेला लावून ओळखायचं का?

आणि याच्यापुढची गंमत लेखकांच्या कानावर कुणी घातलेली दिसत नाही. ढाब्यावर एक जण भेटला, खिशातून काडीपेटीएवढी डबी काढली, म्हणला आठ हजारात युरिया बंद करून देतो, गाडीला कळतच नाही, दिवा पण लागत नाही. पुतण्यानं नाही केलं. किती जणांनी केलंय ते मात्र त्या ढाब्यावर अर्धा तास बसलं की कळतं. अशी गाडी पीयूसीत पास होते, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत नुसता काळा धूर मोजतात, नायट्रोजन ऑक्साइडचा विषारी गॅस मोजतच नाहीत, आणि युरियाचा सगळा खटाटोप आहे तो त्या गॅससाठी! लेखकांनी आकडा बरोबर दिलाय की बीएस-४ ला ३.५ ग्रॅमची मर्यादा होती ती बीएस-६ ला ०.४० वर आणली. पण ती गाडीची कंपनीतून निघतानाची गोष्ट झाली. म्हणजे माझी बीएस-३ जो काय धूर सोडते तो उघड उघड सोडते, तिला बॉर्डरवर अडवणार, आणि डबीवाली बीएस-६ कंप्युटरवर बीएस-६ दिसते म्हणून सलाम घेऊन आत जाणार. याच्यावर लिहा ना एक लेख, फोटो मी देतो, ड्रायव्हर उजव्या बाजूचा.

दिल्लीची हवा खराब आहे हे मला कुणी शिकवायला नको. डिसेंबरात पहाटे आझादपूरला गाडी लावली की डोळे चुरचुरतात, आमचे ड्रायव्हर तोंडाला फडकं बांधून झोपतात. धूर कमी व्हायलाच पाहिजे. एसी केबिनला पण विरोध नाही, मे महिन्यात ग्वाल्हेरच्या पुढं इंजिनावर बसून गाडी चालवून दाखवा मग कळेल ड्रायव्हरला एसी कशाला. इलेक्ट्रिक घ्या म्हणतात, जास्तीत जास्त नऊ लाख साठ हजार सबसिडी आहे, देशभरात मिळून ५,६०० ट्रकला. द्राक्षं भरून तेराशे किलोमीटर जायचंय साहेब, मधे चार्जिंगला थांबलो तर दिल्लीत बेदाणे उतरवावे लागतील.

माझं म्हणणं एवढंच की आज चाळीस लाख घातले तर ही गाडी दिल्लीत किती वर्षं चालू देणार ते एकदा लिहून द्या. हप्ते पाच वर्षं, परमिट पाच वर्षं, टायरला सुद्धा वॉरंटीचं कार्ड मिळतं. बीएस-३ ला पंधरा म्हणले होते आणि साडेआठ निघाली. बीएस-४ ची २०२० च्या मार्चमध्ये घेतलेली गाडी असेल तर तिची साडेसहा. आता बीएस-७ ची चर्चा कानावर यायला लागलीय, म्हणजे माझा शेवटचा हप्ता आणि बंदीचा आदेश एकाच आठवड्यात यायचा. शोरूमवाला परवा परत येऊन गेला, मार्चएंडला चांगली स्कीम देतो तात्या म्हणतो. मार्चएंड म्हणल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. त्याला म्हणलं द्राक्षाची पहिली गाडी जाऊ दे, मग बोलू.

आणि पत्र लिहायलाच बसलोय तर आणखी एक. तुमच्या बाजारभावाच्या पानावर दोन महिने झाले टोमॅटोचा रकाना क्विंटलचा आणि त्यात आकडा जाळीचा छापून येतोय. वीस किलोच्या जाळीला साडेतीनशे भाव निघाला की तुमच्याकडं क्विंटलला साडेतीनशे दिसतो. मागच्या आठवड्यात दिल्लीच्या एका व्यापाऱ्यानं त्या पानाचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि विचारलं, तात्या तुमच्याकडं माल फुकट वाटतात का? दोनदा फोन केला तुमच्या नाशिकच्या ऑफिसला, दोन्ही वेळा म्हणले सांगतो. आजच्या अंकात परत तेच आहे.

आपला,
एक वाहतूकदार, पिंपळगाव बसवंत, ता. निफाड
(नाव छापू नका, फायनान्सवाल्याकडं फाईल पडून आहे.)