सॅन फ्रान्सिस्कोला निघण्याआधी

चि. सायली,

अनेक आशीर्वाद.

जुलैत सासू-सासऱ्यांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला जाते आहेस, तर विमानाइतकीच घाई अल्कट्राझच्या तिकिटांची कर. बेटावरच्या तुरुंगाची तिकिटे साधारण तीन महिने आधी खुली होतात आणि उन्हाळ्यातली भराभर संपतात. बोटी पियर 33 वरून सुटतात. शेजारच्या पियर 39 वर समुद्रसिंह आहेत. तो धक्का वेगळा, तिथे उभी राहिलीस तर बोट चुकेल. सकाळच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांपैकी एक घे. जाण्याची वेळ ठरलेली असते, परतताना मात्र कुठल्याही बोटीने येता येते. सगळे मिळून तीन तास धर.

सासूबाईंच्या गुडघ्यांचे आधीच बघ. धक्क्यापासून कोठड्यांपर्यंत पाव मैलाचा चढ आहे, उंची 130 फूट, म्हणजे तेरा मजले. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी छोटी विजेवरची गाडी असते. उतरल्याबरोबर तिथल्या रेंजरला विचार. खाणे बेटाच्या धक्क्यावरच चालते, तेव्हा निघण्याआधी पोटभर नाश्ता करा. कानाला लावायचे निवेदन पाऊण तासाचे आहे, ते चुकवू नका. संघराज्याचा तुरुंग 1934 ते 1963 एवढाच काळ होता. पुढे 1969 च्या नोव्हेंबरात मूळनिवासींनी बेट ताब्यात घेतले आणि एकोणीस महिने सोडले नाही. त्यांची लाल अक्षरे आजही पाण्याच्या टाकीवर दिसतात.

आता धुके. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, असे समजून लोक अर्ध्या बाह्यांत येतात आणि धक्क्यावर महागडे स्वेटर विकत घेतात. किनाऱ्यालगत खोल समुद्रातले गार पाणी वर येते, त्यावरून येणारी दमट हवा थंड होऊन धुके बनते. आतल्या खोऱ्यात उन्हाने हवा तापून वर उठते आणि हे धुके आत खेचले जाते. किनाऱ्याच्या डोंगररांगेत समुद्रसपाटीला खिंड एकच, गोल्डन गेट. पूल नेमका तिथे. म्हणून उन्हाळा जितका कडक, तितके पुलावर धुके दाट. जुलैतही दुपारी पारा विशीच्या आसपासच असतो, वर बोचरा वारा. प्रत्येकाला वारा अडवणारे जाकीट हवेच, आणि सासूबाईंना साडीऐवजी सलवार-कमीज सोयीची पडेल.

तेव्हा पुलाचा वार आधी ठरवू नकोस. धुके बहुधा दुपारपर्यंत विरते आणि संध्याकाळी परत येते, म्हणून बारा ते तीन ही वेळ धर. मार्केट स्ट्रीटवरचा कार्यक्रम लवचीक ठेव, आकाश उघडले की पुलाकडे वळ. 28 क्रमांकाची बस पुलापाशी थांबते. चालणाऱ्यांसाठी शहराच्या बाजूची, म्हणजे पूर्वेची पायवाट आहे. अख्खा पूल 2.7 किलोमीटर, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट. पहिल्या मनोऱ्यापर्यंत जाऊन परतलात तरी भरपूर. मनोरे 227 मीटर उंच, मधला गाळा 1,280 मीटर. 1937 साली पूल खुला झाला तेव्हा हा गाळा जगात सर्वांत लांब होता. खाली फोर्ट पॉइंटचा विटांचा किल्ला आहे. तो वाचावा म्हणून पुलाला तिथे एक खास पोलादी कमान दिली आहे. माझ्या मते पूल वरून बघण्यापेक्षा खालून ती कमान बघण्यात जास्त मजा आहे. धुके हटलेच नाही, तर पलीकडे मरिनच्या टेकडीवर, बॅटरी स्पेन्सर या जुन्या तोफांच्या मोर्चावर जा. खाली ढग आणि त्यातून वर निघालेली तांबड्या मनोऱ्यांची टोके, असे कधी कधी दिसते.

गाडी घेतलीस तर पुलावरून शहरात येतानाच टोल लागतो, रोख घेत नाहीत. नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि भाड्याच्या गाडीवर कंपनी आपले शुल्क चढवते. म्हणून तो ऑनलाइन आधीच भर. खरे तर शहरात गाडी नकोच. चढावर उभी करताना पुढची चाके वळवावी लागतात, नाहीतर दंड: तोंड उताराकडे असेल तर चाके फुटपाथकडे, चढाकडे असेल तर रस्त्याकडे. आणि गाडीत एक रिकामी पिशवीसुद्धा दिसेल अशी ठेवू नकोस. काचा फुटतात त्या याच कारणाने.

केबल कार म्हणजे इथे रुळांवरचा डबा, त्याला इंजिन नाही. रस्त्याखालून दोर ताशी सुमारे 15 किलोमीटरने अखंड धावत असतो. चालक दांडा ओढून पकडीने तो धरतो आणि थांबायचे तिथे सोडतो. पॉवेल आणि मार्केटच्या कोपऱ्यावर डबा फिरत्या तबकडीवर ठेवून हाताने ढकलून वळवतात. तो तमाशा बघा, पण तिथल्या रांगेत तास घालवू नका. कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या मार्गाला गर्दी कमी असते. डब्याला दोन्हीकडे नियंत्रण असल्याने तबकडीच लागत नाही. पॉवेल-हाइड मार्गाने धक्क्याकडे जात असाल तर उजवीकडे बसा, लोम्बार्ड स्ट्रीटची आठ वळणे त्याच बाजूला आहेत. बाहेर लटकायला जावईबापूंना सांग, पण कोपर आत ठेवून. समोरून येणारा डबा फार जवळून जातो. भाडे बसपेक्षा बरेच जास्त आहे, दिवसात दोन-तीनदा बसणार असाल तर पासच परवडतो. मेसन आणि वॉशिंग्टनच्या नाक्यावर केबल कारचे संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, आणि दोर ओढणारी अजस्र चाके चालू असताना दिसतात. सासरे इंजिनिअर, त्यांना तिथून हलवणे अवघड जाईल.

वेळ उरला तर 5 वुड स्ट्रीट. भारताच्या स्वातंत्र्यासाठी परदेशातून लढलेल्या गदर पक्षाची वास्तू. त्यांच्या 'गदर' वृत्तपत्राचा पहिला अंक 1 नोव्हेंबर 1913 ला या शहरात निघाला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या चळवळीत होते, आणि लाहोरला फाशी गेलेले तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळेही. वास्तू रोज उघडी नसते, आधी चौकशी करून जा.

तिकिटे मिळाली की कळव.

तुझे,
बाबा