सरंजाम दिला होता, मुलूख नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२ ऑगस्टच्या अंकातला सिल्वासा मुक्तिदिनाचा लेख वाचला. काल दिवसभर गप्प बसलो, आज राहवत नाही. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांकडून सोडवणारे सुधीर फडके आणि त्यांच्या सोबत्यांची आठवण काढलीत, ते उत्तमच केलंत. घाटाखाली, आपल्या जिल्ह्याच्या शेजारी घडलेली ही गोष्ट नाशिकच्या पोरांना ठाऊक नसते. पण त्या मधल्या चौकटीचं काय? ‘१७७९ च्या तहाने मराठ्यांनी नगर हवेली पोर्तुगीजांना देऊन टाकली होती’ असं तुम्ही छापलंत. आणि लगेच खाली, ‘हेगच्या न्यायालयाने पोर्तुगालचा हक्क मान्य केला’. पहिलं वाक्य साफ चूक आहे. दुसरं अर्ध्यावर तोडलं आहे.

पुणे दरबाराने त्या तहाच्या सतराव्या कलमात पोर्तुगीजांना बारा हजार रुपयांचं उत्पन्न लावून दिलं. कोणत्या गावांचं, ते पुढे १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ठरलं. पोर्तुगालने पावणेदोनशे वर्षांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन सांगितलं की त्या कागदांनी मुलखाचं सार्वभौमत्वच आमच्याकडे आलं. न्यायालयाने कलमाचे निरनिराळे पाठ तपासले, सनदा तपासल्या आणि १२ एप्रिल १९६० च्या निकालात नोंदवलं की हे दान महसुलाचं होतं, जहागीर किंवा सरंजाम म्हणून दिलेलं. अशा दानाचा अर्थ मुलूख तोडून देणं असा कधी लावला गेल्याचं एकही उदाहरण आपल्यासमोर आलं नाही, असंही त्यात आहे. हेगचे न्यायाधीश आपला ‘सरंजाम’ समजून घेतात आणि नाशिकचं मराठी वर्तमानपत्र ‘देऊन टाकली’ लिहितं, याचं मला फार वाईट वाटलं.

वाईट वाटायला माझं कारणही आहे. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबांनी १९४८ साली शेजाऱ्यांकडून चारशे रुपये घेतले. त्या बदल्यात विहिरीकडच्या पट्टीतल्या अकरा आंब्यांचं उत्पन्न, रक्कम फिटेपर्यंत, त्यांना लावून दिलं. कागद मोडीत आहे. रक्कम १९५६ मध्ये फिटली, तिची पावतीही मोडीत आहे. सातबाऱ्यावर मात्र शेजाऱ्यांचं नाव ‘इतर हक्कां’त तसंच राहिलं, कुणी कमी करून घेतलं नाही. ती चूक आमच्या घरची. मग उतारे संगणकावर चढले तेव्हा ते नाव तिथून उचललं गेलं आणि भोगवटादाराच्या रकान्यात जाऊन बसलं. शेजाऱ्यांची आजची मुलं भली आहेत, जमीन आमची नाही असा जबाब त्यांनी स्वतः येऊन दिला. तरीही जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खालचा माझा दुरुस्तीचा अर्ज चौथ्या वर्षात आहे. मोडीचं लिप्यंतर करून आणलं, तर ते प्रमाणित नाही म्हणाले. प्रमाणित करून आणलं, तर साहेब बदलून गेले होते. आणि टेबलावरचा तरुण मला म्हणाला, “बाबा, दिलं म्हणजे दिलंच ना?”

नाही. उत्पन्न देणं वेगळं आणि जमीन देणं वेगळं. आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला हा फरक कळतो. तो पुसला की काय होतं, हे मी गेली चार वर्षं पायऱ्या झिजवून बघतो आहे. म्हणून तुमच्या चौकटीतला ‘देऊन टाकली’ हा शब्द मला त्या टेबलावरच्या वाक्यासारखा लागला.

आता दुसरं वाक्य. पुढच्या काळात इंग्रजांनी त्या गावांवर पोर्तुगीजांची सत्ता व्यवहारात मान्य केली आणि नंतर भारतानेही ती मुकाट्याने धरून चालली, असं न्यायालय म्हणालं. हे मी लपवत नाही. म्हणूनच किनाऱ्यावरचं पोर्तुगीजांचं दमण ते दादरा-नगर हवेली ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला मिळाला, तोही सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीवर. पण कुणासाठी? खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी. फौज, सशस्त्र पोलीस, हत्यारं, दारूगोळा यांच्यासाठी नाही, हे आठ विरुद्ध सात मतांनी. आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली त्यात कर्तव्यभंग झाला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. शेतातून गाडी नेण्याची वहिवाट असली म्हणून कुणी त्या वाटेने लाठ्याकाठ्या घेतलेली माणसं नेत नाही. निकाल इतका सरळ आहे. भारताने नेमलेले न्यायमूर्ती छागला त्या पीठावर होते, मराठी वाचकाला हे तरी सांगायचंत.

लिहितोच आहे तर आणखी एक. त्याच लेखात ‘पोर्तुगालने घातलेल्या आरक्षणाला भारताचा आक्षेप होता’ असं आहे. माझी नात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिने वाचून विचारलं, हे कसलं आरक्षण? तिची काय चूक? एखाद्या देशाने न्यायालयाचा अधिकार मान्य करताना राखून ठेवलेली अट, असं लिहिलं असतं तर जागा किती गेली असती? खरं तर सगळी खुबी त्या अटीतच होती. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांत आला, १९ तारखेला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेला आपल्यावर दावा ठोकला. वर अट अशी की, वाटेल त्या प्रकारचे वाद पोर्तुगाल कधीही, नुसती सूचना देऊन, वगळू शकेल. असल्या घोषणेला अर्थ काय, हा भारताचा आक्षेप होता. तो १९५७ मध्ये फेटाळला गेला. पण धडा वाया गेला नाही. जानेवारी १९५६ मध्येच आपण आपली घोषणा बदलली होती. पुढे १९७४ च्या घोषणेतही राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद आपण बाहेर ठेवले. १९९९ मध्ये कच्छजवळ आपण पाडलेल्या विमानावरून राष्ट्रकुलातलाच पाकिस्तान हेगला गेला, तेव्हा हीच राखीव अट कामी आली आणि जून २००० मध्ये चौदा विरुद्ध दोन मतांनी न्यायालय म्हणालं की हा दावा आमच्या अधिकारात येत नाही. एवढं वजन असलेल्या शब्दाला ‘आरक्षण’ म्हणून मोकळं होऊ नका.

दुरुस्ती छापाल ती त्याच पानावर, तेवढ्याच चौकटीत छापा. आतल्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळी नकोत. मागच्या वर्षी माझं पत्र कापून छापलंत तेव्हा मी काही बोललो नव्हतो. या पत्रातले मतांचे आकडे आणि ‘सरंजाम’ हा शब्द तरी कापू नका. अंकाचं कात्रण मला लगेच हवं आहे. अर्जाची पुढची तारीख १९ ला आहे, ते सोबत नेणार आहे.

आपला,
एक जुना वाचक,
दिंडोरी रोड, नाशिक