सायमनच्या बंडाची न सांगितलेली बाजू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील, तेराव्या शतकातल्या इंग्लंडमधील लुईस आणि इव्हशॅमच्या लढायांवरचा लेख वाचला. १४ मे १२६४ रोजी लुईसला राजपुत्र एडवर्ड लंडनकरांच्या तुकडीचा पाठलाग करत रणांगणापासून लांब गेला. तो परतेपर्यंत त्याचे वडील, राजा तिसरा हेन्री, मठाच्या आसऱ्याला गेले होते आणि चुलता रिचर्ड पवनचक्कीत कोंडला गेला होता. हा प्रसंग लेखकाने फार छान रंगवला आहे. पण बंडाचा म्होरक्या सायमन द माँटफर्ट याला त्यांनी लोकशाहीचा हुतात्मा ठरवले, हे मला अजिबात मान्य नाही.

१२६५ च्या जानेवारीत सायमनने बोलावलेल्या संसदेत परगण्यांचे नाइट (जमीनदार योद्धे) आणि शहरांचे प्रतिनिधी एकत्र बसले, हे खरे. हेन्रीचा कारभार ढिसाळ होता, हेही खरे. धाकट्या मुलाला सिसिलीचे राज्य मिळावे म्हणून त्याने पोपला न पेलणाऱ्या रकमेचा शब्द देऊन ठेवला होता. त्यावरून उमराव खवळले आणि १२५८ मध्ये ऑक्सफर्डला त्यांनी राजावर १५ जणांचे मंडळ बसवले. इथवर लेखकाशी माझे भांडण नाही.

भांडण आहे ते लेखात एका ओळीचीही जागा न मिळालेल्या ज्यूंबद्दल. त्या काळी इंग्लंडमधले ज्यू राजाच्या खास मालकीचे समजले जात. बहुतेक धंदे त्यांना बंद, त्यामुळे अनेकांच्या वाट्याला सावकारी आली. कर्जखतांच्या प्रती ठरावीक शहरांत कुलूपबंद पेट्यांमध्ये ठेवत. हेन्री ज्यूंवर जबर कर लादायचा. तो भरायला त्यांना येणी सक्तीने वसूल करावी लागत किंवा कर्जखते पडत्या भावात विकावी लागत. ती विकत घेणारी दरबारातली बडी मंडळी मग लहान नाइटांच्या गहाण जमिनी गिळायची. पैसा गेला राजाच्या तिजोरीत, जमीन गेली दरबाऱ्यांकडे आणि लोकांचा राग निघाला ज्यूंवर. लुईसच्या लढाईच्या आधी काही आठवडे बंडखोरांनी लंडनच्या ज्यू वस्तीत शिरून शेकडो माणसे कापली. कँटरबरी आणि वूस्टरमध्येही त्याच वर्षी हल्ले झाले. कर्जखतांच्या पेट्यांवर बंडखोरांचा विशेष डोळा होता, कारण कागद नाहीसा झाला की कर्ज बुडवता येत होते. लुईस जिंकल्यावर सायमनने आपल्या अनेक पाठीराख्यांची ज्यूंकडची देणी रद्द केली. त्याच्या संसदेबद्दल लिहिताना ही किंमत कोणी मोजली, हे सांगायला नको का?

हे सायमनच्या नकळत घडले असेही म्हणता येत नाही. लेस्टर शहराची जहागीर हाती आल्यावर, ऐन तारुण्यात, त्याने तिथल्या ज्यूंना हाकलून दिले आणि जगाच्या अंतापर्यंत त्यांनी परत येऊ नये, असे सनदेत लिहून दिले. त्या सनदेचा लेस्टरच्या नगर परिषदेने २००१ मध्ये जाहीर निषेध केला. खुद्द त्याच्या गावाला जे आठवते, ते आपल्या वाचकांपासून का दडवायचे?

राजाची बाजू घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. ४ ऑगस्ट १२६५ रोजी इव्हशॅमला हेन्री सायमनचा कैदी म्हणून त्याच्याच सैन्यात उभा होता. सोडवायला आलेल्या मुलाच्या सैनिकांनी त्याला ओळखलेच नाही, जखमी केले. ‘मी हेन्री, तुमचा राजा’ असे ओरडून त्याला जीव वाचवावा लागला. त्याची कीव येते. पण याच हेन्रीने १२५५ मध्ये लिंकनमधल्या एका मुलाच्या खुनाच्या खोट्या आळावरून १९ ज्यूंना फासावर चढवले होते. इव्हशॅमला सायमनच्या प्रेताचे तुकडे झाले, त्याचे शिर विजयचिन्ह म्हणून सरदार मॉर्टिमरच्या बायकोकडे धाडले गेले. ती लढाई जिंकणाऱ्या एडवर्डने राजा झाल्यावर १२९० मध्ये एकूण एक ज्यूला इंग्लंडबाहेर काढले.

पुढचा लेख केनिलवर्थच्या वेढ्यावर, म्हणजे उरलेल्या बंडखोरांच्या किल्ल्याला राजाने घातलेल्या वेढ्यावर, असल्याचे पुरवणीत म्हटले आहे. त्यात लंडन, कँटरबरी आणि वूस्टरच्या हत्याकांडांना जागा द्यावी, ही कळकळीची विनंती. आणि बंडखोरांच्या मागण्यांपैकी बऱ्याचशा याच हेन्रीने १२६७ मध्ये मार्लबरोच्या कायद्यात मान्य केल्या, त्यातली काही कलमे आजही लागू आहेत, हेही लेखकाने जरूर सांगावे.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली