डॉक्टर, माझ्या जुळ्यांना 'पुढे काय' ते सांगितल्याबद्दल

डॉक्टर,

जुळ्यांच्या आईला तुलनेची सवयच लागते. कोण आधी चाललं, कोणाचा दात आधी पडला, सगळं नकळत मोजलं जातं. अकराव्या वर्षापर्यंत दोघांची उंची जवळपास सारखी होती. मग वर्षभरात लेक चार बोटं वर गेली आणि भाऊ होता तिथेच राहिला. तिला वाटायचं, आपल्याला काहीतरी झालंय. त्याला वाटायचं, आपल्याला काहीच होत नाहीये. दोघंही घाबरलेली आणि दोघंही गप्प.

तुमच्याकडे आणलं तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही 'काही नाही गं, या वयात असं व्हायचंच' म्हणून पाठीवर थाप माराल आणि आम्ही घरी येऊ. तुम्ही तसं केलं नाहीत, म्हणून हे पत्र.

तपासताना सोबत कोण हवं ते तुम्ही मुलांनाच विचारलंत आणि बोलायची वेळ आली तेव्हा मला बाहेर बसवलंत. (बाहेर बसणं मला जड गेलं, हे आता सांगायला हरकत नाही.) लेक तोंड उघडेना, तेव्हा तिच्यापुढे कागद सरकवलात. बोलायला लाज वाटत असेल तर लिही, मी वाचते, एवढंच म्हणालात. तो कागद तिने नंतर मला दाखवला. बारीक, दाबून लिहिलेल्या अक्षरांत एकच ओळ: 'छातीत एकाच बाजूला गाठ आहे, दुखते. कॅन्सर आहे का?' खाली तुमचं उत्तर: 'नाही. तुझी वाढ सुरू झाली आहे. बहुतेक मुलींमध्ये सुरुवात इथूनच होते आणि पुष्कळदा एकाच बाजूने. दुसरी बाजू काही महिन्यांत मागून येईल. दोन्ही अगदी सारख्या होतीलच असं नाही, मोठ्या बायकांच्याही नसतात.' पोरगी किती रात्री तो शब्द उराशी घेऊन झोपली असेल, कोण जाणे.

मग तुम्ही तिला पुढचा क्रम सांगितलात. स्तनांची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. त्याआधी काही महिने अंगावरून थोडं पांढरं जाऊ लागतं, तो आजार नव्हे. पाळी आल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती तारखेला येईलच असं नाही, दोन पाळ्यांमध्ये २१ ते ४५ दिवसांचं अंतर या वयात चालतं. पाळी आली की उंची वाढायची थांबते, हे तिने कुठूनतरी ऐकलेलं. तुम्ही म्हणालात, वेग कमी होतो, पण त्यानंतरही बहुतेक मुली ५ ते ७ सेंटीमीटर वाढतात. घरी येईपर्यंत ती भावाला हे ऐकवून मोकळीसुद्धा झाली होती.

त्याची गोष्ट वेगळी. तो रोज आरशाला नाक लावून ओठावर मिसरूड शोधायचा. 'तू चुकीच्या जागी बघतोयस,' असं तुम्ही त्याला म्हणालात म्हणे, आणि तो हसला. मुलांमध्ये पहिला बदल वृषणांच्या वाढीचा असतो. बाहेरून कोणाला दिसत नाही, मुलाच्याही लक्षात येत नाही. मिसरूड आणि आवाज फुटणं ही बरीच नंतरची कामं. मुलींमध्ये सुरुवात ८ ते १३ व्या वर्षांत कधीही होते, मुलांमध्ये ९ ते १४ व्या. त्यातही उंचीची झेप मुलं मुलींपेक्षा साधारण दोन वर्षं उशिरा घेतात, म्हणून एकाच दिवशी जन्मलेली बहीण डोक्याने वर दिसली तर त्यात नवल काही नाही. हे ऐकल्यावर त्याने बहिणीच्या शेजारी उभं राहायचं टाळणं बंद केलं. मला तेवढं पुरेसं होतं.

मेंदूबद्दल तुम्ही सांगितलेलं त्याला फार आवडलं. सगळी सुरुवात मेंदूतल्या एका छोट्याशा भागाकडून येणाऱ्या इशाऱ्यांनी होते आणि सुरुवातीला ते इशारे प्रामुख्याने रात्री, झोपेत येतात. 'म्हणजे मी झोपलेलो असताना काम चालू असतं,' हे त्याने घरी मोठ्या ऐटीत जाहीर केलं. पुढे अभ्यासाला उठवताना त्याने हेच कारण पुढे केलं, त्याचं खापर मात्र तुमच्यावर.

पुढची दोन वर्षं मी तुमच्याच शब्दांच्या आधारावर काढली. आधी त्याचे पाय वाढले, बूट तोकडे पडू लागले. मग हातपाय लांब झाले आणि तो येता-जाता दाराला, टेबलाला धडकू लागला. धड सगळ्यात शेवटी वाढतं, तोवर हा धसमुसळेपणा राहणार, हे तुम्ही सांगून ठेवलेलं, म्हणून घरात कोणी त्याला वेंधळा म्हटलं नाही. साडेतेराव्या वर्षी त्याच्याच छातीत दुखरी गाठ आली. त्याने पोहणं सोडलं आणि सैल शर्ट घालू लागला. पण यावेळी तो तीन दिवसांच्या आत मला सांगायला आला, कारण तुम्ही त्याला आधीच बजावलं होतं की वयात येणाऱ्या जवळपास निम्म्या मुलांच्या छातीत असं होतं, हार्मोन्सचा तोल बसेपर्यंत राहतं आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरतं. झोपेत वीर्य बाहेर येण्याबद्दलही तुम्ही त्याच्याशी बोलला होता. ते मला तेव्हा कळलं. त्याने ते इतक्या सहज सांगितलं, की मीच जरा गडबडले.

मुरमांचं थोडक्यात. ती अस्वच्छतेने येत नाहीत, त्वचेतल्या तेलग्रंथी जोरात कामाला लागतात म्हणून येतात, घासून आणखी चिघळतात. हे दोघांनाही पटलंय. फोडायची नाहीत, हे दोघांनाही अजून पटलेलं नाही.

सगळ्यात जास्त आभार मात्र मला दुसऱ्याच गोष्टीचे मानायचे आहेत. 'हे सगळं नॉर्मल आहे' म्हणताना नॉर्मल काय नाही तेही तुम्ही मुलांना तोंडावर सांगितलंत. मुलीत ८ च्या आधी किंवा मुलात ९ च्या आधी बदल दिसू लागले, मुलीत १३ आणि मुलात १४ पूर्ण होऊनही काहीच सुरू झालं नाही, १५ पर्यंत पाळी आली नाही, तर दाखवायचं. पाळी सात दिवसांहून जास्त चालली, दर तासा-दोन तासांनी पॅड भिजू लागलं किंवा दुखण्यामुळे शाळा बुडू लागली, तर सोसायचं नाही. आणि मुलाला: अंडकोशात अचानक जोरात दुखलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी आईबाबांना उठवायचं, कारण तिथे काही तासांचाच प्रश्न असतो. हे ऐकून मुलं घाबरतील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. यादीत नसलेल्या गोष्टींची त्यांनी काळजी करणंच सोडून दिलं.

आता एक विनंती. त्यांच्या वर्गातल्या काही पालकांनी मिळून मुलांसाठी असं एक सत्र ठेवायचं ठरवलंय. पद्धत तुमचीच, कागदाची. फक्त प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, प्रश्न नसेल तर 'प्रश्न नाही' असं तरी, म्हणजे सगळ्यांची पेनं हलतील आणि कोण विचारतंय ते कोणाला कळणार नाही. तुम्हाला एखाद्या शनिवारी तासभर जमेल का, कळवा. माझ्या मुलाने आपला प्रश्न आत्ताच लिहून ठेवलाय. मला दाखवायला तो तयार नाही.

तुमची,
जुळ्यांची आई