वह्यावाटप पुरे, आता घरोघरी माणूस पाठवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकांनी लिहिलं होतं की झोपडपट्टीतल्या आईबापांना पोरांच्या अभ्यासाचं काही पडलेलं नसतं, सगळं शाळेवर ढकलतात आणि घरी टीव्ही लावून बसतात. वाचून डोकंच फिरलं. मी विक्रोळी पार्कसाईटला डोंगरावरच्या वस्तीत राहते आणि घरातच पहिली ते चौथीच्या पोरांच्या शिकवण्या घेते, त्यामुळे कुणाला किती पडलंय ते मला रोज दारातच दिसतं. इथे पोरगं चार वर्षांचं झालं रे झालं की आई बाजूला काढून ठेवलेले पैसे घेऊन येते, ताई याला पण बसवा, एबीसीडी तरी येऊ दे म्हणते. धुणीभांडी करणाऱ्या बाईला दर महिन्याला हे पैसे काढणं म्हणजे चेष्टा नाही. काही पडलेलं नसतं तर आली असती का ती?

खरी गोष्ट अशी आहे की तिला पक्कं वाटतं आपण चौथी नापास, आपल्याला काय शिकवता येणार. आणि तिला जो भेटतो तो हेच पटवून देतो. पालकसभा असते कामाच्या दिवशी सकाळी अकराला. पवईच्या टॉवरमधे चार घरची कामं करणाऱ्या बाईने अकराला जायचं म्हणजे खाडा, वर मॅडमची बोलणी. तरी जाते बिचारी, तर तिकडे काय ऐकायला मिळतं, घरी इंग्लिश बोला, मोबाईल देऊ नका, अभ्यास घ्या. कसा घ्यायचा ते कोणी सांगत नाही. आमच्या गल्लीत जालन्याकडची एक बाई आहे, तोंडाने भारी, गोष्ट सांगायला लागली की मोठी माणसंपण कामं सोडून ऐकतात. सभेवरून आली आणि दुसऱ्या दिवसापासून पोराशी "वॉटर पी, हँड वॉश कर" एवढंच सुरू. गोष्टी बंद! म्हणजे पोराला घरात जे फुकट मिळत होतं ते पण गेलं. गल्लीत भोजपुरी, उर्दू बोलणारी घरं आहेत तिकडेपण हेच, आपली भाषा म्हणजे जणू काही लाज वाटायची गोष्ट. लहान पोरगं आधी घरच्या भाषेत भरपूर ऐकतं बोलतं, त्याच पायावर पुढे दुसरी भाषा उभी राहते, हे शाळेने सांगायचं सोडून उलटंच चाललंय.

आता चार वर्षांच्या पोराला नक्की काय शिकवायचं असतं ते बघा. माझ्याकडे येतात त्यातली बरीच पोरं एक ते पन्नास घडाघडा म्हणतात, आया कौतुकाने म्हणवून घेतात. पण त्यालाच सांगा की बाळा मला सहा चमचे आणून दे, तर तो मूठभर आणतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. कारण ते पन्नास आकडे त्याच्यासाठी नुसतं गाणं आहे, एका आकड्याला एक वस्तू हे डोक्यात बसलेलंच नाही. ते बसवायला वही लागत नाही, घरात पाच माणसं असतील तर पाच ताटं मांड म्हणायचं, प्रत्येकाला एक वाटी, कुणाला कमी पडली का बघ. तेच अक्षरांचं. अक्षर गिरवायच्या आधी कानाला आवाज कळायला लागतो, कमल आणि काकडी एकाच आवाजाने सुरू होतात हे पोराला ऐकू यायला हवं, आणि हा खेळ भाजी निवडता निवडता होतो, आईला लिहितावाचता येत नसलं तरी होतो. पेन्सिलचं पण असंच आहे, बोटांत जोर आलेला नसताना गिरवायला लावलं की पोरगं रडतं आणि आई फटका देते. त्यापेक्षा कणकेचा गोळा द्या, शेंगा सोलायला द्या.

आमच्याकडे कितीतरी बायका घरी इमिटेशन दागिन्यांचं काम आणतात, मणी ओवायचं. खोली दहा बाय बारा, मधे चादर पसरून मण्यांचा ढीग, आणि पोरगं मधे मधे करतं म्हणून त्याच्या हातात मोबाईल. मी एकीला एवढंच म्हटलं की त्याला मणी देऊ नको, नाकात घालेल, पण बाटल्यांची झाकणं दे आणि सांग लाल एकीकडे, निळी एकीकडे, आता मोठी वेगळी कर, आता एक लाल एक निळं अशी रांग लाव. पोरगं लागलं की कामाला! आई मणी निवडते तेच तो करतोय, आणि ती मधूनच विचारते किती झाली रे. ही बाई मला म्हणाली "हा अभ्यास आहे होय? हे तर मी पण शिकवेन." तिला एवढं कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं होतं, बाकी सगळं तिच्याकडे होतंच. आणि बापांना यातून सोडू नका, रिक्षावाला बाप पोराला स्टँडवर घेऊन उभा असतो तिथे समोरून एमएच ०३ च्या पन्नास नंबरप्लेटा जातात, आकडे ओळखायला अजून काय पाहिजे.

हे मी काही नवीन सांगत नाहीये. १९४५ च्या सुमारास बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डीत हेच केलं, पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर या बायका वस्तीत जाऊन अंगणात बसल्या, पाना-दगड-शिंपल्यांवर शिकवलं. आपल्या मुंबईत १९९५ साली 'प्रथम' ही संस्था सुरू झाली तेव्हा वस्तीतल्याच शिकलेल्या मुली जागा मिळेल तिथे बालवाड्या घ्यायच्या, कुणाच्या खोलीत, कुठे देवळात. लांबचं उदाहरण हवं तर जमैकात १९८६-८७ ला किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत, वाढ खुंटलेल्या दोन वर्षांच्या आतल्या पोरांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायच्या, घरातल्या टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला पोराशी खेळायला-बोलायला शिकवायच्या, असं दोन वर्षं. वीस वर्षांनी बघितलं तर ज्या पोरांकडे अशा सेविका गेल्या त्यांची कमाई, तशाच पण सेविका न गेलेल्या पोरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त. त्या बायका पीएचडी नव्हत्या हो, आपल्या आशाताईंसारख्याच होत्या.

आणि आपल्या सरकारला हे माहीत नाही असंही नाही. २०२२ पासून पहिलीत जाणाऱ्या पोरांसाठी "पहिले पाऊल" मेळावे होतात, त्यात मातांचे गट करायचे, एकीने लीडर व्हायचं, आठवड्याला घरी करायच्या गमती द्यायच्या, अशी मस्त कल्पना आहे. मला मनापासून आवडली. पण मेळाव्याला रांगोळी, फुगे, सेल्फी पॉइंट, आणि पुढे गट म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप. आमच्याकडे स्मार्टफोन घरात एकच, तो नवऱ्याकडे, नवरा रात्री अकराला ड्युटीवरून येणार, तोवर ती गंमत खाली शंभर गुड मॉर्निंगच्या ढिगात गेलेली असते. सांगणाऱ्याला वाटतं पोचलं.

मग माणूस कोण जाणार, तर म्हणतात अंगणवाडीताई आहेत ना. आहेत. १९७५ पासून अंगणवाडीची योजना चालू आहे आणि शाळेआधीचं शिक्षण तिच्यात पहिल्यापासून लिहिलेलं आहे. पण त्या ताईला वजन करायचं, खाऊ वाटायचा, रजिस्टरं भरायची, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती टाकायची, नेट गेलं तर परत टाकायची, सर्व्हे आला की सर्व्हे, आणि मानधनासाठी डिसेंबर २०२३ पासून जानेवारीपर्यंत संपावर बसावं लागलं ते वेगळंच. तिच्याच डोक्यावर अजून एक काम टाकायचं आणि जमलं नाही की तिलाच झापायचं, हे मला अजिबात पटत नाही. कायद्याचंही तसंच, शिक्षणहक्क सहा ते चौदा वर्षांच्या पोरांना, सहाच्या खालच्यांसाठी २००२ च्या घटनादुरुस्तीत राज्याने प्रयत्न करावा एवढंच म्हटलंय. प्रयत्न करावा म्हटल्यावर पैसे कोण काढतो?

पैसे नाहीत म्हणून नका सांगू. जून आला की आमच्या वस्तीत वह्यावाटपाचे मंडप पडतात, वहीच्या कव्हरवर साहेबांचा फोटो, आत पोरगं काय लिहितं याच्याशी देणंघेणं नाही, एकेका घरात दोन पक्षांच्या आणि एका कंपनीच्या वह्या येऊन पडतात. कंपन्यांचा तो सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा पैसा, बॅगा आणि पाण्याच्या बाटल्या वाटल्या की संपला. त्यातल्या थोड्या पैशांत वस्तीतल्याच बारावी झालेल्या दोन-तीन मुलींना नीट पगार देता येईल, नीट म्हणजे नीट, "मानधन" म्हणून हातावर टेकवलेले पैसे नकोत. त्यांनी आठवड्यातून एकदा पाण्याची वेळ सोडून घराघरात तासभर बसायचं, लेक्चर द्यायचं नाही, आई जे काम करत असेल त्यातच पोराला घेऊन दाखवायचं आणि पुढच्या आठवड्यात परत यायचं. परत यायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. जाताना एक चित्रांचं पुस्तक ठेवून जायचं आणि आधीचं न्यायचं, आईला वाचता येत नसलं तरी चित्र दाखवून हा का रडतोय, पुढे काय होईल असं विचारता येतंच, आजी तर अजून रंगवून सांगेल. पुस्तक फाटलं तर फाटलं, दंड लावू नका, नाहीतर आया ते कपाटावर ठेवून देतील.

यात माझ्याच पोटावर पाय येतो हे मला कळतं, छोट्यांच्या शिकवण्या गेल्या तर माझा महिना हलेल. पण चार वर्षांच्या पोराला चार भिंतीत बसवून क ख ग गिरवून घ्यायचे पैसे घेताना मला बरं वाटत नाही, म्हणून मी आता पहिलीच्या खालचं पोर घेत नाही, आईलाच म्हणते रविवारी त्याला घेऊन ये, दोघं बसा.

पण माझ्या खोलीत चार आया बसल्या की पाचवी दारात उभी राहते. आणि खाली उतरलं की महापालिकेची शाळा, मोठे वर्ग, पंखे, संडास सगळं आहे, संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी गेटला कुलूप. वॉचमनला विचारलं तर तो म्हणतो मुख्याध्यापकांना विचारा, ते म्हणतात वॉर्डात अर्ज द्या, वॉर्डात म्हणतात शिक्षण विभागाचं पत्र आणा. तर रविवारी दोन तास एक वर्ग आयांसाठी उघडा ठेवायला नक्की कुणाची सही लागते, हे त्या विभागातलं कुणी वाचत असेल तर याच पानावर कळवावं ही विनंती.

आपली,
एक शिकवणीवाली ताई
पार्कसाईट, विक्रोळी (पश्चिम), मुंबई