फलकावर न मावलेल्यांचे आभार

नवं वर्ष लागलं की विद्यापीठात अभिनंदनाचे फलक झळकतात: कुणाची पीएचडी, कुणाचं पेटंट. झळकायलाच हवेत! पण आमच्या विभागाच्या यशात फलकावर न आलेली माणसंही आहेत. सुट्टीत वीज गेली, तेव्हा संशोधनाचे नमुने ठेवलेल्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरचा अलार्म ऐकून दारावरच्या नंबरवर लगेच फोन करणारे रात्रपाळीचे सुरक्षारक्षक. ‘दार अजिबात उघडू नका, गारवा आत राहू दे,’ असं बजावत जनरेटर सुरू होईपर्यंत तिथून न हललेले वायरमनदादा. अनेकांची वर्षांची मेहनत त्या नमुन्यांत होती. प्रबंधातला चुकलेला पृष्ठक्रमांक पेन्सिलीनं खुणावून देणाऱ्या ग्रंथालयातल्या ताई. आणि हो, परीक्षा विभागाच्या खिडकीमागचे सदा वैतागलेले काका (काम मात्र त्याच दिवशी करतात). तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.