मित्रास पत्र : आवाज आणि एक गाठ

पुणे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार. हे पत्र तुलाच लिहावे लागते आहे, कारण माझा मूळचा आवाज ऐकलेले तुझ्याखेरीज आता फारसे कोणी उरलेले नाही. आईचे गुडघे होते तसेच आहेत आणि बाबांची साखर ताब्यात आहे. एवढ्यावर घरची खुशाली संपते.

माझ्या पीयूषिका ग्रंथीत, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीत, चौदा मिलिमीटरची गाठ निघाली आहे. कर्करोग नाही. खालच्या दातांत फटी पडू लागल्या आणि जबडा पुढे आला, हे दंतवैद्यांच्या ध्यानात आले व त्यांनी मला एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या (हॉर्मोनच्या) डॉक्टरांकडे पाठवले. तिथे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून रक्त तपासले. निरोगी माणसाचे वाढीचे संप्रेरक त्यानंतर खाली येते. माझे जागचे हलले नाही, म्हणजे ही गाठच ते जादा पाझरते आहे. घोरणे, घाम, हातांच्या मुंग्या, रक्तदाब या प्रत्येकाला आजवर निरनिराळ्या डॉक्टरांनी निरनिराळे कारण दिले होते. त्या सगळ्यांना मिळून अ‍ॅक्रोमेगली म्हणतात आणि हे नाव पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी १८८६ सालीच देऊन ठेवले आहे. हाडांची टोके तरुणपणीच जुळून गेल्यामुळे उंची इंचभरही वाढली नाही. वाढले ते नाक, जबडा, हात आणि पाय. वश्याच्या लग्नात मी तुझे नवे बूट फाकवले म्हणून तू वर्षभर अबोला धरला होतास. तो खटला आता या ग्रंथीवर चालवावा, मी साक्षीला येईन.

गाठ नाकातून काढतात. इन्सब्रुकच्या श्लोफर यांनी नाकाच्या वाटेने पीयूषिकेपर्यंत १९०७ साली पोहोचून दाखवले. आता दुर्बीण घालून करतात. गाठ आणखी वर सरकली तर डोळ्यांच्या नसा दाबल्या जाऊन दोन्ही बाजूंचे दिसणे कमी होते, म्हणून थांबण्यात अर्थ नाही. उरलेल्या ग्रंथीला इजा झाली, तर कॉर्टिसोल या शरीराला लागणाऱ्या संप्रेरकासाठी जन्मभर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या घ्याव्या लागतील. त्याही घेईन.

माझी काळजी वेगळीच आहे आणि ती घरात सांगितली तर हसतील. पुरुषोत्तम करंडकाच्या नाटकाच्या तालमीत माझा आवाज पातळ म्हणून मला विंगेत प्रॉम्प्टिंगला बसवले होते, हे तुला आठवत असेलच (ती सूचना तुझीच होती, हेही आठवत असेल). पस्तिशीनंतर हाच आवाज भरत गेला आणि त्यावर माझे निवेदनाचे सगळे आयुष्य उभे राहिले. सभागृहे, सत्कार, गणेशोत्सव, सारे त्याच्याच जोरावर. मी त्याचे श्रेय पहाटेच्या ओंकाराला देत आलो. डॉक्टर म्हणतात की या आजारात स्वरतंतू जाड होतात, कवटीतल्या पोकळ्या मोठ्या होतात आणि आवाज खोल जातो. शस्त्रक्रियेनंतर मऊ भागांची सूज बरीच उतरते, हाडे मात्र वाढलेली तशीच राहतात. म्हणजे हा जबडा माझ्याकडे राहणार आणि आवाज जाऊ शकणार! किती जाईल, हे आधी सांगता येत नाही म्हणतात. बायको म्हणते, घोरणे थांबले तरी पुष्कळ झाले. तिचेही खरे आहे, पण तिने विंगेतला मी ऐकलेलाच नाही. तो परत आला तर त्याला माइकसमोर कोण उभे करील, हे तूच सांगू शकशील, आणि सांगताना मन राखू नकोस.

बदल केव्हापासून सुरू झाला हे ठरवायला डॉक्टरांना जुने फोटो हवे आहेत. राजगडाचे आणि वश्याच्या लग्नाचे तुझ्याकडे आहेत, ते मोबाइलवर पाठव. ज्यात तू माझ्यापेक्षा देखणा दिसतोस तेही चालतील. तालमीची कॅसेट असेल तर तीही शोध.

तुझ्या बढतीचे कळले, अभिनंदन. नागपूरची बदली रद्द झाली का? वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

कळावे. लोभ आहे तेवढाच असावा; वृद्धिंगत व्हावा असे लिहिण्याची सध्या हिंमत होत नाही.

तुझा,
अरविंद